फोटोग्राफीच्या सामानासाठी अनेक खिशांचं जाकीट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटोग्राफीसाठी म्हणून विकली जाणारी बिनबाह्यांची जाकिटं लांबून सारखीच दिसतात. खाकी, करडा किंवा काळा रंग, पुढे खिशांच्या रांगा, पाठीला जाळी. त्यांच्यातला फरक सामान भरून तासभर उभं राहिल्यावर कळतो. माझं मत सुरुवातीलाच मांडून ठेवायला हवं, कारण पुढची सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत: काम चालू असताना डोळे विषयावरून न हटवता जे हाताला लागायला हवं, तेवढ्यासाठीच जाकीट असतं. बाकीचं सामान बॅगेतच बरं.

बॅग असताना जाकीट हवंच कशाला?

पुष्कळांना नकोच असतं. स्टुडिओत किंवा तिपाईवर कॅमेरा लावून निवांत निसर्गचित्रं काढणाऱ्याला शेजारी ठेवलेली बॅग पुरते. जाकिटाची गरज पडते ती बॅग खाली ठेवायला जागाच नसते तेव्हा: गर्दीत, चिखलात, गुडघाभर पाण्यात, होडीत, किंवा एखाद्या समारंभात जिथे दर दहा मिनिटांनी जागा बदलायची असते. चांगली खांद्यावरची बॅग हेच काम बऱ्याच अंशी करते. ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’चे छायाचित्रकार जिम डोम्की यांनी १९७०च्या दशकात मऊ कॅनव्हासची बॅग तयार केली ती वस्तू पटकन काढता याव्यात म्हणूनच. पण बॅग एका खांद्यावरून घसरते, वाकलं की पुढे येते, आणि गर्दीत तिला सांभाळायला एक हात अडकतो. जाकीट हा हात मोकळा करतं. त्या बदल्यात उकडतं आणि वजन सगळं खांद्यांवर येतं. हा सौदा तुमच्या कामात परवडतो का, एवढंच ठरवायचं.

जाहिरातीत वीसपेक्षा जास्त खिसे लिहिलेले असतात. किती पुरेत?

खिसे मोजू नका. तुम्ही सोबत नेता त्या वस्तू कागदावर लिहा आणि प्रत्येकीला एक ठरलेला खिसा द्या. बहुतेकांची यादी सात-आठ खिशांत संपते: एक किंवा दोन लेन्स, बॅटऱ्या, रिकामी मेमरी कार्डं, भरलेली कार्डं, पुसायचं कापड आणि ब्लोअर (धूळ उडवायचा रबरी फुगा), फोन, आणि झाकणं ठेवायला एक कायम रिकामा खिसा.

हा शेवटचा खिसा लोक विसरतात. लेन्स बदलताना काढलेलं मागचं झाकण हातात उरतं आणि ते कुठल्या तरी भरलेल्या खिशात कोंबलं जातं. उजव्या हाताच्या खाली एक उघडा, उथळ खिसा फक्त झाकणांसाठी ठेवला की हा घोळ संपतो.

जास्त खिशांचा खरा तोटा शोधाशोधीचा आहे. बॅटरी चार खिशांपैकी कुठेही असू शकते, म्हणजे ती चारही खिशांत शोधावी लागते. खिशावर खिसा शिवलेला असेल तर आतला भरला की बाहेरच्यात हात जात नाही, हेही दुकानात रिकाम्या जाकिटावर लक्षात येत नाही.

जाकिटात किती वजन भरावं?

हिशेब करून बघू. कॅननची आरएफ ७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्स (हे आकडे ती किती जवळचं दाखवते आणि किती प्रकाश घेते त्याचे, तिच्या लांबी-जाडीचे नाहीत) १०७० ग्रॅमची आहे. आरएफ ५० मिमी एफ/१.८ फक्त १६० ग्रॅम. सोनीची एनपी-एफझेड१०० बॅटरी ८३ ग्रॅमची, म्हणजे तशा तीन बॅटऱ्या २५० ग्रॅमच्या आसपास. सेलसकट मोठा फ्लॅश सुमारे अर्धा किलो, फोन दोनशे ग्रॅम, अर्धा लिटर पाणी अर्धा किलो. बेरीज अडीच किलोच्या पुढे गेली, आणि जाकिटाचं स्वतःचं वजन त्यात धरलेलंच नाही. शिवाय गळ्यात कॅमेरा आहेच.

माझ्या मते जाकिटासकट तीन किलो ही बऱ्यापैकी वरची मर्यादा. त्यापलीकडचं वजन कंबरेवर जायला हवं, आणि जाकीट ते कंबरेवर नेऊ शकत नाही. जड सामान रोजचंच असेल तर रुंद कंबरपट्टा आणि त्याला अडकवायच्या लेन्सच्या पिशव्या घ्या, आणि वर हलकं जाकीट फक्त कार्डं, बॅटऱ्या आणि फिल्टरसाठी ठेवा. ही जोडी मला नुसत्या जाकिटापेक्षा कितीतरी चांगली वाटते.

वजन किती आहे एवढ्यानेच नव्हे, ते कुठे आहे यानेही मान दुखते. सगळं पुढच्या खिशांत असलं की कॉलर मागून मानेवर चढतो. पाणी, पावसाचं आवरण अशा क्वचित लागणाऱ्या वस्तू पाठीच्या खिशात ठेवल्या की ओढ समतोल होते. डावी-उजवी बाजूही जवळपास सारख्या वजनाची हवी.

कुठली लेन्स खिशात नीट राहते?

लांबीपेक्षा जाडी आधी बघा. एफ/२.८च्या बऱ्याच झूम लेन्स ८८-९० मिमी जाडीच्या असतात, आणि हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं कडं) उलटा बसवून ठेवला की ही जाडी आणखी वाढते. सपाट शिवलेल्या खिशात अशी लेन्स शिरत नाही. खिशाच्या तिन्ही बाजूंना घडीची पट्टी हवी, म्हणजे खिसा फुगतो आणि रिकामा असताना चपटा बसतो.

मग लांबी. वर सांगितलेली कॅननची ७०-२०० बंद असताना १४६ मिमी आहे, पण सोनीची दुसऱ्या पिढीची ७०-२०० जीएम २०० मिमी. पहिली खोल खिशात बसते, दुसरी झाकणातून डोकं बाहेर काढते. नाव आणि आकडे सारखे असले तरी खिसा सारखा पुरत नाही, म्हणून खरेदीला जाताना स्वतःची लेन्स हूडसकट घेऊनच जा. ऑनलाइन घेत असाल तर खिशाची उंची, रुंदी आणि फुगवटा अशी तिन्ही मापं दिलेली असतील तरच पुढे जा.

खिशात लेन्स टाकताना दोन्ही बाजूंची झाकणं लावलेली हवीत, आणि लेन्सभोवती एक मऊ पिशवी किंवा जाडसर कापड हवं. जाकिटाच्या खिशातला पातळ फोम ओरखडे वाचवतो, आदळण्यापासून वाचवत नाही. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पाठीला खिसा घासणार हे धरूनच चालायचं. लेन्सच्या खिशात दुसरं काही ठेवू नये, किल्ल्या तर मुळीच नाही.

कुठल्या खिशात काय ठेवावं?

यावर थोडा वेळ घालवा, कारण चांगलं जाकीट घेऊनही मांडणी चुकली तर उपयोग नाही.

बहुतेक कॅमेऱ्यांची पकड उजव्या हातात असते. म्हणजे लेन्स बदलताना मोकळा होणारा हात डावा. म्हणून वारंवार बदलायची लेन्स डाव्या बाजूच्या खालच्या मोठ्या खिशात ठेवा. बॅटरीचं आणि कार्डाचं दार मात्र अनेक कॅमेऱ्यांत उजव्या बाजूला असतं. तिथे कॅमेरा डाव्या हाताने पेलून उजव्या हाताने काम करावं लागतं, म्हणून बॅटऱ्या आणि कार्डं उजव्या छातीच्या खिशात सोयीची. तुमचा कॅमेरा हातात घेऊन एकदा हे सगळं करून बघा, उत्तर आपोआप मिळेल.

रिकामी आणि भरलेली कार्डं एका खिशात कधीही ठेवू नयेत. रिकामी बाहेरच्या खिशात, भरलेली आतल्या, चेन असलेल्या खिशात. एसडी कार्ड ३२ × २४ मिमीचं, जेमतेम २ मिमी जाडीचं असतं. मोठ्या खिशाच्या कोपऱ्यात ते बोटांना लागतच नाही, आणि रुमालाबरोबर बाहेर येऊन पडलं तर आवाजही होत नाही. कार्डाची डबी दोरीने आतल्या कडीला बांधून टाकावी. बॅटऱ्यांसाठीही हीच शिस्त: भरलेल्यांची टोकं एका दिशेला, संपलेल्यांची उलटी. बॅटरीच्या धातूच्या टोकांना नाणी किंवा किल्ल्या लागल्या तर शॉर्टसर्किट होऊ शकतं, म्हणून टोपण लावूनच ठेवा.

मांडणी ठरली की ती महिनोन् महिने बदलू नका. अंधारात, धावपळीत हात सवयीने जातो.

चेन, वेल्क्रो, टिचबटण की चुंबक?

लेन्स आणि कार्डांच्या खिशाला चेन. चेनवरचा ५ किंवा ८ हा आकडा बंद दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये अंदाजे सांगतो. मोठ्या खिशांना ५च्या खाली जाऊ नये. रनरला, म्हणजे चेनवर सरकणाऱ्या तुकड्याला, धातूची पट्टी असेल तर ती काढून दोरीचा तुकडा बांधा. यात आवाज न होण्यापलीकडे आणखी एक फायदा आहे: गळ्यातला कॅमेरा छातीवर आपटत असतो आणि त्याचा मागचा स्क्रीन थेट चेनवर, बटणांवर घासतो. पुढची मधली चेन कापडी पट्टीने झाकलेली असेल असंच जाकीट निवडा.

वेल्क्रो पटकन उघडतं, पण ते फाडल्याचा आवाज शांत सभागृहात सगळ्यांना ऐकू जातो आणि पक्षी उडवायला तर पुरेसा असतो. स्विस अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांना ही कल्पना सुचली ती कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटणाऱ्या काटेरी बोंडांवरून. वेल्क्रो आजही तसंच वागतं: लोकर, गवत, लेन्स पुसायचं कापड, सगळं पकडतं आणि भरलं की धरेनासं होतं.

टिचबटण झाकणांच्या खिशाला, फिल्टरच्या खिशाला चांगलं. चुंबकाचं बंद शांत आणि सोयीचं असतं. मेमरी कार्ड त्याने पुसलं जात नाही, कारण त्यातली साठवण चुंबकीय नसते. फोनचा होकायंत्र-सेन्सर मात्र बिघडू शकतो, आणि पेसमेकर बसवलेल्यांनी छातीवरचा चुंबक टाळायलाच हवा.

कापड कोणतं घ्यावं?

उन्हात काम असेल तर सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिश्रण. अंगाला बरं वाटतं, सरसर आवाज करत नाही, पण भिजलं की जड होतं आणि वाळायला वेळ घेतं. नायलॉन हलकं आणि लवकर वाळणारं, चौकडीच्या विणीचं असेल तर फाटलेलं पुढे जात नाही. बऱ्याच वर्णनांत ‘डेनिअर’ लिहिलेलं असतं: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ५०० डेनिअरचं कापड खिशांच्या तळाला उत्तम, पण संपूर्ण जाकीट त्याचं असेल तर ते ताठ बसतं आणि उकडतं.

कापडापेक्षा मी शिलाई आधी बघण्याचा आग्रह धरेन. खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर दाट आडवे टाके आहेत का? खांद्याच्या जोडाला दुहेरी टीप आहे का? जाळी फक्त पाठीला आहे की वजन पेलणाऱ्या खांद्यावरही? जाळीवर लेन्सचं वजन लटकलं की ती ताणून लोंबते.

रंग?

कामावर अवलंबून. जवळून माणसांचे फोटो काढत असाल तर भडक रंग टाळा. नारिंगी किंवा पोपटी जाकिटाची छटा समोरच्याच्या चेहऱ्यावर पडते, आणि काचेत, चष्म्यात तुम्ही दिसता. काळा आणि गडद करडा इथे सुरक्षित.

जंगलात मातकट, मळकट हिरवा. आफ्रिकेत त्सेत्से माशी असलेल्या भागात निळा आणि काळा टाळतात, ती माशी त्या रंगांकडे येते. लष्करी ठिपक्यांचं कापड मात्र प्रवासात नेऊच नका: झिंबाब्वे, जमैका, बार्बाडोस अशा काही देशांत नागरिकांना ते घालायला कायद्याने मनाई आहे.

माप बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

आरशासमोर सरळ उभं राहून काहीच कळत नाही. खिशांत सामान भरा आणि मग:

- कॅमेरा डोळ्याला लावा. कोपर वर गेल्यावर बगलेत कापड अडतं का, खालची कड किती वर येते?
- उकिडवे बसा. खालचे खिसे मांडीवर चेपले जातात का?
- कंबरेतून पुढे वाका. काही बाहेर डोकावतं का? समोर लहान मूल असेल आणि वरून लेन्स पडली तर काय होईल याचा विचार करा.
- खुर्चीत बसा, गाडीचा सीटबेल्ट लावल्यासारखं करून बघा.

थंडीच्या कपड्यांवर घालायचं असेल तर एक माप मोठं, आणि बाजूला आवळायच्या पट्ट्या हव्यातच. नाहीतर चालताना भरलेले खिसे झुलत राहतात.

बायकांसाठी वेगळं जाकीट लागतं का?

बहुतेक जाकिटांचा काट पुरुषी असतो: रुंद खांदे, सरळ बाजू, छातीवर फुगीर खिसे. त्यात खांदे बाहेर जातात आणि छातीवरचे खिसे भरले की कॅमेरा अंगापासून लांब लटकतो. लहान माप घ्यावं तर छातीत आवळतं. छातीवर सपाट खिसे, मोठे खिसे कंबरेच्या बाजूला आणि बाजूंना आवळता येणाऱ्या पट्ट्या असं जाकीट शोधावं. मिळालं नाही तर खांद्याला बसणारं घेऊन बाजू शिंप्याकडून सैल करून घेणं सोपं जातं. उलट, मोठं घेऊन खांदे आत घेणं कटकटीचं आणि महागाचं.

मासेमारीचं किंवा लष्करी धाटणीचं जाकीट चालेल?

मासेमारीचं काही जणांना छान चालतं. गळाने मासे धरणाऱ्यांसाठी खिशांचं जाकीट शिवण्याचं श्रेय अमेरिकेतले ली वुल्फ यांना दिलं जातं, १९३०च्या दशकातलं. पाण्यात उभं राहायचं म्हणून ही जाकिटं आखूड असतात आणि खिसे गळांच्या चपट्या डब्यांच्या मापाचे असतात. म्हणजे कार्डं, बॅटऱ्या, फिल्टर, छोट्या लेन्स बसतात, मोठी झूम नाही. छोट्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याला ते पुष्कळदा पुरतं.

लष्करी धाटणीचं घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. आंदोलनात किंवा तणावाच्या जागी लांबून पाहणाऱ्याला तुम्ही सशस्त्र दलातले वाटू शकता. साध्या जाकिटानेही अनोळखी माणसं थोडी बिचकतात, हे रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. तिथे दोन खोल खिशांचा साधा कोट बरा.

पाठीवर सॅक असताना जाकीट घालता येतं का?

येतं, पण पाठीचा खिसा बाद होतो आणि सॅकचा कंबरपट्टा खालच्या खिशांवर येतो. अशा वेळी आखूड जाकीट घ्यावं आणि सगळं छातीवर ठेवावं. खांद्यावर बटणाची पट्टी असेल तर कॅमेऱ्याचा पट्टा तिच्याखालून घ्या, घसरत नाही.

विमानात जाकीट घालून जाता येतं का?

येतं, आणि जड लेन्स खिशात घालून केबिन बॅगेचं वजन कमी करणारे पुष्कळ आहेत. प्रत्येक कंपनीचा नियम मात्र वेगळा, आणि खिसे फुगलेले दिसले तर कर्मचारी हटकू शकतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवायला मनाई आहे, त्या सोबतच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० मधल्यांना कंपनीची मंजुरी लागते. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या यात आरामात बसतात: एनपी-एफझेड१०० फक्त १६.४ वॅट-तासांची आहे. सुरक्षा तपासणीत जाकीट काढून ट्रेमध्ये ठेवावं लागतं, म्हणून रांगेत शिरण्याआधीच सगळ्या चेन बंद करा.

फिल्म वापरत असाल तर रोल जाकिटात विसरू नका. ८०० आणि त्यावरच्या आयएसओच्या (प्रकाशाला जास्त संवेदनशील) फिल्मवर क्ष-किरणांचा परिणाम होऊ शकतो, नव्या सीटी स्कॅनरमध्ये तर कुठल्याही. पारदर्शक पिशवीत काढून हाताने तपासायची विनंती करा. वापरलेल्या रोलचं टोक पूर्ण आत गुंडाळलं की नवा-जुना रोल अंधारातही बोटांना कळतो.

पाऊस, घाम, थंडी यांत जाकीट सामान वाचवतं का?

पावसात नाही. शिवणीतून आणि चेनमधून पाणी आत जातं. वरून रेनकोट घालायचा असेल तर तो जाकिटासकट बंद होईल एवढा सैल हवा.

घामाकडे लोक दुर्लक्ष करतात. आतल्या खिशांतली हवा दमट असते, त्यात उघडी लेन्स दिवसभर ठेवणं बुरशीला बोलावणं आहे. लेन्स बाहेरच्या खिशांत ठेवाव्यात, आणि दिवस संपला की त्या बाहेर काढून खिसे उघडे टाकावेत.

थंडीत हेच आतले खिसे कामाचे. गारठ्यात लिथियम-आयन बॅटरीची क्षमता घटते, अंगाजवळ ठेवलेली टिकते. थंडगार झालेली लेन्स मात्र लगेच उबदार आतल्या खिशात घालू नका, काचेवर दव धरतं.

शिंप्याकडून शिवून घ्यावं का?

जमत असेल तर जरूर. तुमच्या मापाचे खिसे तुमच्या हाताच्या जागी, आणि नको ते खिसे नाहीत. शिंप्याला चित्र देऊन भागत नाही, लेन्स, बॅटऱ्या, कार्डाची डबी प्रत्यक्ष न्या. प्रत्येक खिशाला वस्तूपेक्षा दोन बोटं जास्त जागा ठेवायला सांगा, कारण थंडीत हातमोज्यासकट हात आत जायला हवा. आधी स्वस्त कापडात कच्च्या टाक्यांचा नमुना करून दोन-तीन दिवस वापरा आणि मगच पक्कं शिवा. तयार जाकिटात दोन बदल करून घेणं हाही चांगला मार्ग आहे: लेन्सच्या खिशाच्या तळाला दुहेरी कापड, आणि आत कार्डाच्या डबीसाठी एक कडी.

धुवायचं कसं, आणि कधी बदलायचं?

फोमचे तुकडे काढा, सगळे खिसे उलटे करून झटका, कारण कोपऱ्यातली रेती हीच पुढे लेन्सवर जाते. चेन आणि वेल्क्रो बंद करून थंड पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. कापड मऊ करणारं द्रव वापरू नका, पाणी झटकणारा थर त्याने बिघडतो. जंगलात वापरायच्या जाकिटाला ‘चमक’ देणारी पावडरही नको: तिच्यातली द्रव्यं अतिनील प्रकाश शोषून निळसर उजळतात. मेण लावलेलं कॅनव्हास असेल तर यंत्रात कधीच नाही, ओल्या फडक्याने पुसा.

वेल्क्रो धरेनासं झालं, रनर घसरायला लागला, तर तेवढंच बदलून घ्या. खांद्याच्या जोडापाशी कापड उजेडात धरल्यावर विरळ दिसू लागलं की मात्र त्यातून लेन्स काढून घ्या. कार्डं, फिल्टर आणि पुसायच्या कापडासाठी तेच जाकीट पुढेही वापरता येतं.